माशीचा आठवडा मोडताना: मराठवाड्यातील घरासाठी विषारी औषधांविना माशी-नियंत्रण

मृगाचे दोन पाऊस झाले आणि उकिरड्यावरून वाफ निघू लागली की मराठवाड्यातील घरांत आठ-दहा दिवसांत माश्या वाढतात. बदली, नोकरी किंवा लग्न अशा कोणत्याही निमित्ताने इकडे नव्याने संसार मांडलेल्या माणसाला त्या एका रात्रीत आल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांची तयारी आठवडाभर आधी, घरापासून हाकेच्या अंतरावर सुरू झालेली असते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना शेण थोड्या तासांत वरून वाळते, त्यात अळी जगत नाही आणि प्रौढ माशीलाही ती तलखी सोसत नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यात त्यांचा उपद्रव कमी भासतो. पाऊस पडला की उन्हाळाभर साचलेला उकिरडा ओला होतो, हवा तीस अंशांच्या आसपास येते आणि माशीला हवे ते सगळे एकाच वेळी मिळते. गणपती-महालक्ष्म्यांच्या सुमारास, म्हणजे पाऊस उघडून ऊन पडू लागल्यावर, असाच दुसरा भर येतो.

या लेखात सांगितलेल्या सर्व उपायांच्या मुळाशी माशीचे कालमान आहे, म्हणून ते आधी समजून घ्यावे. घरमाशी एका खेपेस साधारण १०० ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा सहज करते. उबदार हवेत अंड्यांतून दिवसभराच्या आत अळ्या बाहेर पडतात, चार ते सात दिवस ओल्या कुजक्या पदार्थावर पोसल्या जातात, मग ती ओल सोडून जवळच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत शिरतात आणि कोष करतात. कोषातून तीन ते सहा दिवसांनी माशी बाहेर येते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास आपल्याकडील पावसाळी हवेत अवघ्या आठवड्याभरात किंवा दहा दिवसांत पुरा होतो. थंडीत त्याला तीन आठवडे किंवा अधिकही लागतात. घरात दिसणारी माशी हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. आपण फडक्याने दहा मारल्या, तरी उकिरड्यात त्याच दिवशी शेकड्यांनी तयार होत असतात. ‘माशा मारीत बसणे’ हा वाक्प्रचार मराठीत रिकामपणासाठी का रूढ झाला असावा, याचा उलगडा अशा वेळी होतो.

आधी माशी ओळखावी

घरात दिसणारी प्रत्येक माशी घरमाशी नसते आणि ती चुकीची ओळखली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागी होते. करड्या रंगाची, पाठीवर चार काळसर पट्टे असलेली, ताटावर आणि अंगावर बसणारी ती घरमाशी. तिचे मूळ शेण, कोंबड्यांची विष्ठा किंवा ओला कचरा यांत असते. चकचकीत हिरवी किंवा निळी, मोठ्याने गुणगुणणारी माशी दिसू लागली, तर जवळपास मेलेला उंदीर, मांसाचे तुकडे किंवा एखादे मेलेले जनावर असण्याची शक्यता फार मोठी असते. जुन्या माळवदाच्या घरात छताच्या लाकडांमध्ये मेलेला उंदीर हे त्याचे नेहमीचे कारण आहे. घरमाशीसारखीच दिसणारी, परंतु पायांना आणि जनावरांच्या अंगाला चावून रक्त पिणारी माशी ओल्या, कुजलेल्या वैरणीत वाढते. गव्हाणीखाली पडलेला भिजका कडबा आणि ऊसतोडीच्या दिवसांत गोठ्याबाहेर साचणारे उसाचे वाढे ही तिची खास ठिकाणे होत. केळी, आंबे किंवा सीताफळे यांच्याभोवती घोंघावणारी चिलटे मात्र स्वयंपाकघरातच जन्मतात आणि त्यांच्यासाठी गोठ्याकडे जाण्याचे कारण नाही.

मग तिचे घर शोधावे

सकाळी दहाच्या सुमारास हातात एक काठी घेऊन घराभोवती शंभरेक पावलांचा फेरा मारावा. शेणाचा ढीग, खताचा खड्डा, कचऱ्याचा कोपरा, न्हाणीचे पाणी जिथे मुरते ती चिखलाची जागा, गव्हाणीच्या खालची फट आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जमीन या ठिकाणी वरचा थर काठीने दोन-तीन बोटे उकरून पाहावा. पांढुरक्या, बिनपायांच्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या दिसल्या, तर उत्पत्तीची जागा सापडली असे समजावे. ढिगाच्या कडेची कोरडी माती चिमटीत घेऊन पाहिली, तर तिच्यात गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस-तपकिरी कोष मिळतात. ते बोटाने दाबल्यावर पोकळ निघाले, तर माश्या उडून गेल्या आहेत आणि भरीव निघाले, तर त्या यायच्या आहेत. माशी उगमापासून एक-दोन किलोमीटरपर्यंत सहज जाते, हे खरे असले तरी घरात भरमसाट माश्या असतील, तर मूळ बहुधा जवळच असते. म्हणून शेजाऱ्याच्या उकिरड्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या मोरीमागे एकदा पाहून घ्यावे. मी स्वतः परभणी जिल्ह्यातील एका भाड्याच्या घरात दीड महिना समोरच्या गोठ्याला दोष देत होतो आणि अळ्या निघाल्या त्या आमच्याच मागच्या दाराच्या पायरीखाली, जिथे आम्ही रोज भाज्यांच्या देठांची टोपली ओतत होतो.

आठवड्यातील दोन दिवस बांधून घ्यावेत

माशीचे चक्र आठवड्याचे असल्यामुळे आठवड्यातून दोनदा ते तोडले की एकही पिढी पुरी होत नाही. इतके साधे हे गणित आहे. अवघड आहे ते न चुकता पाळणे. यासाठी आठवडी बाजाराचा दिवस धरावा, कारण तो घरातील कोणीही विसरत नाही, आणि त्यापासून तीन-चार दिवसांनी येणारा दुसरा दिवस ठरवावा. बाजार मंगळवारी असेल, तर दुसरा दिवस शुक्रवारचा किंवा शनिवारचा. या दोन दिवशी पुढील कामे करावीत आणि पाऊस असला तरी ती टाळू नयेत. उलट पावसाळ्यातच त्यांची गरज सर्वाधिक असते.

शेण आणि उकिरडा

ज्यांच्या घरी देवणी किंवा लाल कंधारी गाय आहे, किंवा नुसता शेजार गोठ्याचा आहे, त्यांच्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. एक गाय दिवसाला साधारण १० किलो शेण टाकते आणि माशी ताज्या, ओल्या शेणावरच अंडी घालायला येते. त्यामुळे गोठ्यातील शेण रोज सकाळी उचलावे, मूत्र वाहून जाण्यासाठी शहाबादी फरशीला किंवा कोब्याला थोडा उतार द्यावा आणि फरशीच्या सांध्यांमध्ये शेण अडकत असेल, तर ते सांधे बुजवून घ्यावेत. पाणी टंचाईचे असेल, आणि आपल्याकडे ते चैत्रापासून बहुतेक गावांत असतेच, तर गोठा धुण्याच्या भानगडीत न पडता खराट्याने कोरडा झाडून वर चुलीची राख किंवा वाळलेली माती पसरावी. ओल शोषली गेली की अळी जगत नाही. माशीच्या बाबतीत अर्धवट धुतलेली ओली फरशी कोरड्या झाडलेल्या फरशीपेक्षा वाईट.

उचललेल्या शेणाचे चार मार्ग आहेत. पहिला गोवऱ्यांचा: पातळ थापलेली गोवरी उन्हात दोन-तीन दिवसांत वाळते आणि अळीला वाढायला अवधीच मिळत नाही, मात्र ढगाळ आठवड्यात हा मार्ग बंद ठेवावा. दुसरा गोबर गॅसचा: टाकीत गेलेल्या शेणावर माशीला अंडी घालता येत नाहीत आणि बाहेर पडणारी मळी आंबवून झालेली असल्यामुळे तिच्याकडे माश्या ताज्या शेणाइतक्या वळत नाहीत. तिसरा मार्ग नाडेप टाक्याचा. पुसदच्या पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी रूढ केलेले हे विटांचे टाके साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन ते भरले की वरून शेण-मातीने लिंपून बंद करतात. या लिंपणामुळेच त्यावर माश्या होत नाहीत. लिंपणाला भेगा पडल्या की त्या लगेच बुजवाव्या लागतात, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही.

चौथा मार्ग म्हणजे आपला नेहमीचा उकिरडा, आणि तो बहुतेकांना टाळता येत नाही. शेणखताच्या ढिगाच्या पोटात कुजण्यामुळे ५५-६० अंशांपर्यंत उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेत अळी मरते. म्हणून अळ्या नेहमी बाहेरच्या चार-सहा बोटांच्या थरात असतात. ठरवलेल्या दोन दिवशी हा बाहेरचा थर फावड्याने खरवडून मध्यभागी करावा, ढीग पसरट न ठेवता उंच आणि घट्ट दाबलेला ठेवावा, आणि त्यावर काळे मेणकापड अंथरून त्याच्या कडा चहूबाजूंनी मातीत गाडाव्यात. कडा नुसत्या दगडांनी दाबल्या, तर फटींतून माशी ये-जा करते आणि मेणकापडाचा खर्च वाया जातो.

कोष करण्यासाठी अळ्या ढीग सोडून कोरड्या मातीत उतरतात, हे वर सांगितलेच आहे. ही त्यांची सवय आपल्या उपयोगाची आहे. ढिगाभोवती दीड-दोन हात रुंदीचा पट्टा चोपून, सारवून कडक करावा. अळ्यांना शिरायला जागा मिळत नाही आणि त्या कडेला गोळा होतात. बाजाराच्या दिवशी तो पट्टा झाडून निघालेली माती, अळ्या आणि कोष ढिगाच्या गरम पोटात ढकलावेत. घरी कोंबड्या असतील, तर हे काम त्या न सांगता करतात. परंतु त्यांच्या खुराड्यातील ओली विष्ठा ही स्वतःच माशीची आवडती जागा असल्यामुळे खुराड्यात भुसा टाकून तो कोरडा ठेवावा आणि पाण्याचे भांडे सांडत नाही ना, हे पाहावे.

चुन्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. मोरीच्या कडेला किंवा कचऱ्याच्या जागेवर चुना टाकायला हरकत नाही. शेणखतावर मात्र तो टाकू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे खत हलके होते. त्याऐवजी कुटलेली निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळता येते. कडुनिंबातील द्रव्य अळीची कात टाकण्याची आणि वाढीची क्रिया बिघडवते, त्यामुळे परिणाम सावकाश दिसतो आणि पेंड टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी माश्या कमी होतील, अशी अपेक्षा धरू नये.

उकिरडा शेजाऱ्याचा असेल, तर तक्रारीपेक्षा श्रमाचा वाटा देऊ करणे अधिक उपयोगी पडते. ‘मामा, तुमच्या उकिरड्याने आमचे जगणे मुश्कील केले’ असे म्हणणाऱ्या नव्या भाडेकरूला उत्तर काय मिळणार, हे सांगायला नको. ‘मामा, मेणकापड मी आणतो, झाकायला दोघे मिळून लागू, खत उडणारही नाही’ हे वाक्य ऐकून घेतले जाते, कारण उकिरडा त्यांच्या दृष्टीने घाण नसून पुढच्या हंगामाची पुंजी आहे आणि झाकलेल्या ढिगातील खत खरोखरच चांगले कुजते.

ओला कचरा आणि स्वयंपाकघर

झाकणाची बादली, तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा जाड थर आणि रोज संध्याकाळी रिकामी करणे, एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागते. ठरलेल्या दोन दिवशी बादली घासून उन्हात उलटी ठेवावी, कारण अळ्या बहुधा कचऱ्यापेक्षा तळाशी चिकटलेल्या लगद्यात असतात. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली एक रात्रसुद्धा उघड्या ठेवू नयेत. परसात खत करणाऱ्यांनी ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक टोपलीवर दोन-तीन बोटे जाडीचा वाळला पालापाचोळा किंवा माती टाकावी. चिलटांसाठी वाटीत थोडा व्हिनेगर घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाकून ठेवावेत. द्रवामुळे पृष्ठताण मोडतो आणि चिलट बसताच बुडते.

घरमाशीला घन पदार्थ चावता येत नाही. ती त्यावर आधी पोटातील द्रव ओकते, त्यात तो विरघळवते आणि मग शोषून घेते. हगवण, विषमज्वर, पटकी आणि डोळ्यांचे विकार यांचे जंतू तिच्या पायांवरून, अंगावरील केसांवरून आणि या ओकारीतून अन्नावर येतात. म्हणून अन्न झाकणे याला पर्याय नाही. दुधाच्या पातेल्यावर जाळीची झाकणी, भाकरीच्या टोपल्यावर कोरडे फडके आणि उरलेल्या कालवणासाठी जाळीचे कपाट घरात असावे.

सांडपाणी आणि संडास

न्हाणीचे व भांड्यांचे पाणी दारात वाहत राहिले, तर त्या चिखलात उष्ट्याचे कण कुजतात आणि माशी तिथे येते. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली आणि तो प्रयोग पुढे नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला गेला. त्याचा मुख्य रोख डासांवर होता, परंतु सांडपाण्याचा चिखल संपल्याचा लाभ माश्यांच्या बाबतीतही मिळतो. साधारण चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गोटे, असे त्याचे स्वरूप असते. खरकटे गाळून मगच पाणी आत सोडावे, नाहीतर खड्डा वर्षभरात तुंबतो. संडासाच्या टाकीवरील हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधलेली असावी आणि ती दर पावसाळ्यापूर्वी तपासावी. लहान मुलांची शी अंगणात राहू देऊ नये.

घर बंद करणे आणि सापळे

एवढे झाल्यावरच जाळ्यांवर खर्च करावा. दोन मिलिमीटरची जाळी माशीला पुरते; डासांचाही बंदोबस्त हवा असेल, तर त्याहून बारीक घ्यावी. जाळीचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारे असावे, म्हणजे दारावर बसलेल्या माश्या उघडताना आत ढकलल्या जात नाहीत. जेवणाच्या वेळी पंखा लावल्याने ताटावर माशी टिकत नाही, हा फुकटचा उपाय आहे.

सापळ्याची बाटली घरी करता येते. एक लिटरच्या बाटलीचा वरचा तिसरा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवावा. आत अर्धा पेला पाणी, दोन चमचे गूळ आणि थोडे नासलेले दूध घालून दोन दिवस आंबू द्यावे. माशी वासाने आत जाते आणि उजेडाच्या दिशेने कडेकडेने वर चढत राहते, मधले छिद्र तिला सापडत नाही. ही बाटली घरापासून पंधरा-वीस फूट दूर टांगावी. मी पहिली बाटली हौसेने स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आणि गल्लीतील माश्यांना जणू आमंत्रणच दिले; बाटलीत पन्नास पडल्या, तर ओट्यावर शंभर बसल्या. बाटलीत मधमाश्या येऊ लागल्या, तर गूळ काढून टाकून अंड्याचे किंवा मासळीचे उरलेले तुकडे वापरावेत.

रात्री माश्या छतापाशी, वायरींवर आणि लोंबणाऱ्या दोऱ्यांवर विसावतात. चिकट पट्टी त्यामुळे अशा जागीच उभी टांगावी, जेवणाच्या जागेवर मात्र कधीही नाही. विजेची रॅकेट स्वयंपाकघरात वापरू नये, कारण माशीचे शरीर फुटून त्याचे कण आसपास उडतात.

जे करू नये

पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी दारात टांगण्याची पद्धत अनेक हॉटेलांत दिसते. मला तिचा फरक कधी जाणवला नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर माश्यांना थोडा वेळ हटवतो, पण तो घरातील दम्याच्या माणसाला माशीपेक्षा अधिक त्रास देतो. लिंबात खोवलेल्या लवंगा आणि कापूर यांचा वास छान येतो, एवढेच. उकिरड्यावर कीटकनाशक फवारणे मात्र निरुपयोगी असण्यापलीकडे नुकसानीचे आहे. घरमाशी औषधांना फार लवकर सरावते. डीडीटीला ती दाद देत नसल्याची नोंद स्वीडन आणि इटलीतून १९४६-४७ च्या सुमारासच, म्हणजे त्या औषधाचा घरोघरी वापर सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत, झाली होती. शिवाय शेणातील भुंगेरे, मुंग्या आणि माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या याच फवाऱ्याने मरतात. त्यांची संख्या माशीइतक्या वेगाने भरून येत नाही, त्यामुळे फवारणीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माश्या पूर्वीपेक्षा वाढलेल्या दिसतात आणि माणूस पुन्हा औषध आणायला जातो.

मोजणी

उपाय लागू पडतो आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज एकाच वेळी, एक पांढरा कागद ठेवून अर्ध्या मिनिटात त्यावर किती माश्या बसतात ते मोजावे आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहावा. पहिल्या आठवड्यात आकडा बहुधा कमी होत नाही, कारण आधीच मातीत उतरलेले कोष फुटतच असतात, आणि नवखी मंडळी नेमकी याच टप्प्यावर कंटाळून फवारा आणतात. दुसऱ्या बाजाराच्या दिवसापर्यंत उतार दिसू लागावा. तिसऱ्या बाजारालाही आकडा तसाच राहिला, तर कामात कसूर झाली असे न मानता काठी घेऊन पुन्हा फेरा मारावा, या वेळी शंभराऐवजी तीनशे पावलांचा, आणि पहिल्या वेळी वगळलेल्या जागा, म्हणजे बंद पडलेले खुराडे, रिकाम्या प्लॉटवरचा कचरा, रसवंतीमागचा चिपाडांचा ढीग, उकरून पाहाव्यात.